थकलेल्या जिवांची रात्रीची धावपळ टाळता येईल
दुर्बल वृद्धांची देखभाल आणि गावातील प्राथमिक आरोग्यसेवा

आयुर्मान वाढणे ही कोणत्याही समाजाच्या प्रगतीची एक खूण मानली जाते. देवी हद्दपार झाली, पटकी आणि हिवताप यांचा जोर ओसरला, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि त्यामुळे साठी-सत्तरी ओलांडणाऱ्या स्त्री-पुरुषांची संख्या वाढत गेली. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख होत्या, आणि त्यांपैकी दर दहांतील सात जण खेड्यांत राहत होते. वाढलेले हे आयुष्य सुखाचे जावे, निदान यातनांचे तरी होऊ नये, ही जबाबदारी कुटुंबाची जितकी, तितकीच आरोग्ययंत्रणेची आणि गावाचीही आहे.

बालाघाट जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा अस्तित्वात आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो नागपूर विभागाशी निगडित होता. मध्यप्रदेशात राहूनही वारासिवनी, कटंगी, लांजी या भागांचे सोयरसंबंध, बाजारहाट आणि दवाखाना आजही गोंदिया-नागपूरकडे असतो, तो या जुन्या नात्यामुळेच. वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीचा सपाट प्रदेश आणि घाटावरील बैहरचा जंगलपट्टा असे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख १ हजार ६९८ होती आणि दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. तरुण मुले कामासाठी शहरांकडे जातात आणि घरी म्हातारी माणसे व नातवंडे उरतात, हे चित्र येथील गावोगाव दिसते. त्यांतही मागे राहणाऱ्या वृद्धांत विधवा स्त्रियांची संख्या मोठी असते.

अशा घरातील वृद्ध व्यक्ती एखाद्या रात्री अकस्मात अत्यवस्थ होते, शेजारीपाजारी गोळा होतात, गाडी मागवली जाते आणि जिल्हा रुग्णालयाची किंवा सरहद्दीपलीकडील गोंदियाची वाट धरली जाते. पैशांची जुळवाजुळव, घाटातला रस्ता, पावसाळ्यात भरून वाहणारे नाले, आणि पोहोचेपर्यंत जीव टांगणीला, असा हा अनुभव अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतो. यांपैकी काही प्रसंग अटळ असतात. परंतु काही प्रसंगांची चाहूल कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे आधी लागलेली असते. ती वेळीच ओळखता आली तर रात्रीची ही धावपळ टळते. ती कशी ओळखावी आणि कोणी काय करावे, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

दुर्बलता म्हणजे काय?

सर्वच वृद्ध दुर्बल नसतात. ऐंशीव्या वर्षी बांधावर फिरून धानाची राखण करणारे आजोबा आपल्या पाहण्यात असतात, तसेच पासष्टीलाच खाट धरलेली माणसेही असतात. फरक केवळ वयाचा नसून शरीराजवळ उरलेल्या शिलकेचा असतो. तरुणपणी हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, स्नायू यांच्याजवळ गरजेपेक्षा अधिक शक्ती राखीव असते. ताप आला, दोन दिवस जेवण गेले, तरी शरीर त्या शिलकेवर निभावून नेते. वय वाढते, जुने आजार जडतात, आहार घटतो आणि ही शिलक कमी कमी होत जाते. मग साधा जुलाब, साधी सर्दी किंवा नव्या औषधाची एखादी गोळीदेखील माणसाला अंथरुणाला खिळवते. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात जराजन्य दुर्बलता म्हणतात. आपल्याकडे ‘आजी आता थकल्या आहेत’ असे सहज म्हटले जाते, त्यात हाच अर्थ सामावलेला आहे.

या दुर्बलतेची लक्षणे ठरलेली आहेत. प्रयत्न न करता वजन उतरणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे, थोड्या कामाने थकवा येणे आणि हालचाल कमी होत जाणे, ही पाच प्रमुख लक्षणे होत. ‘म्हातारपण आले, आता असेच चालायचे’ असे म्हणून त्यांकडे दुर्लक्ष करण्यात येते आणि नेमकी तीच मोठी चूक ठरते. यांतील बरीचशी लक्षणे आहार, व्यायाम, डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा औषधांतील बदल यांनी सुधारू शकतात.

दुर्बल वृद्धांच्या आजाराचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावयास हवे. त्यांचा आजार नेहमीच्या रूपात येत नाही. फुप्फुसाला सूज आली तरी ताप येईलच असे नाही. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तर जळजळीची तक्रार होण्याऐवजी माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, दिवस-रात्रीचे भान हरपते. घरच्यांना वाटते, म्हातारपणाने भ्रम झाला. बाहेरचे काही झाले असावे अशीही शंका घेण्यात येते. वास्तविक एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ हा म्हातारपणाचा भाग नसून आजाराचा इशारा असतो.

एका संकटाची साखळी

ही गोष्ट एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. नदीकाठच्या गावातील बहात्तर वर्षांची एक विधवा आजी घ्या. तिला रक्तदाब आणि मधुमेह असे दोन्ही विकार आहेत. मुलगा नागपूरला कामाला असून घरी सून आणि दोन नातवंडे आहेत. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला आहे, गुडघे दुखतात, म्हणून ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेते. रोवणीच्या दिवसांत सून पहाटेच बांधीवर जाते. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, पण आणावयास कोणी नाही. दोन दिवस जुलाब होतात, भूक लागत नाही. तरीही मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतली जाते, कारण ‘गोळी चुकवू नये’ असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. तिसऱ्या रात्री ती लघवीसाठी उठते, चक्कर येऊन ओसरीच्या पायरीवर पडते आणि मांडीचे हाड मोडते.

रुग्णालयातील नोंदीत ‘पडल्यामुळे अस्थिभंग’ एवढेच लिहिले जाईल. परंतु या अपघाताचा माग काढला तर निदान सहा ठिकाणी तो अडवता आला असता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असती, तर पायरी दिसली असती. वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडांवर व रक्तदाबावर दुष्परिणाम होतो, हे कोणी सांगितले असते, तर त्या बंद झाल्या असत्या. रक्तदाबाची औषधे घराजवळ मिळाली असती, तर खंड पडला नसता. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी दिली असती, तर अंगातील पाणी घटले नसते. जेवण नसताना मधुमेहाची गोळी तशीच घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, हे सुनेला ठाऊक असते, तर तिने आरोग्य केंद्रात विचारून घेतले असते. आणि खाटेजवळ दिवा व भांडे ठेवलेले असते, तर अंधारात पायरी उतरण्याची वेळच आली नसती. यांतील एकाही उपायासाठी मोठ्या रुग्णालयाची आवश्यकता नाही. सहाही उपाय गावात, उपकेंद्रात किंवा फार तर तालुक्याच्या ठिकाणी होण्याजोगे आहेत.

शेजारच्या जिल्ह्यांचा अनुभव

प्राथमिक आरोग्यसेवेने मोठी संकटे टळू शकतात, याचे दाखले शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वैनगंगेच्याच खोऱ्यातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेथील गावांत नवजात बालकांचे मृत्यू फार होत असत. खेड्यातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन त्यांना घरोघर पाठविण्याचा प्रयोग १९९५ पासून ३९ गावांत करण्यात आला. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांच्या मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे आढळून आले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने नवजात बालकांची घरी देखभाल हा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

याच संस्थेने पुढे प्रौढांच्या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ गावांत झालेल्या १,५९९ मृत्यूंची कारणे तपासली असता, सर्वाधिक म्हणजे २२९ मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे दिसून आले. हे प्रमाण १४.३ टक्के, म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक असे पडते. पक्षाघाताने दगावलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक व्यक्तींनी घरीच प्राण सोडला. पक्षाघात हा शहरी सुखवस्तूंचा आजार नव्हे, हे या अभ्यासाने स्पष्ट केले. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब, आणि तो मोजण्यास एक साधे यंत्र व पाच मिनिटांचा वेळ पुरतो.

रक्तदाबाच्याच बाबतीत दुसरा दाखला भंडारा जिल्ह्याचा आहे. २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू करण्यात आला. या राज्यांत मध्यप्रदेश व महाराष्ट्र दोन्ही होते आणि महाराष्ट्रातील निवडलेल्या जिल्ह्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. या उपक्रमाची सूत्रे साधी होती: सर्व केंद्रांवर औषधांचा एकच ठरलेला क्रम, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरांबरोबर परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांनी वाटून घेतलेले काम, घराजवळच्या उपकेंद्रात महिन्याभराची औषधे, आणि कोण आला नाही याची नोंद. यांतील शेवटचे सूत्र सर्वांत मोलाचे आहे. जो रुग्ण येतो त्याला तपासणे हे दवाखान्याचे जुने काम. जो आला नाही त्याचा शोध घेणे हे नवे काम होय. दुर्बल वृद्ध बहुधा या न येणाऱ्यांतच असतात.

‘आता ऐंशी वर्षे झाली, गोळ्या घेऊन काय करायचे?’ असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. ऐंशी वर्षांवरील रक्तदाबाच्या रुग्णांवर अनेक देशांत मिळून एक मोठा अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. औषधे घेणाऱ्यांत एकूण मृत्यू सुमारे एकपंचमांशाने घटले आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. तेव्हा उतारवयात औषधे निरर्थक ठरतात, हा समज खरा नाही. मात्र अति दुर्बल व्यक्तीला औषध बेताने द्यावे लागते आणि उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरत नाही ना, हेही पाहावे लागते.

परदेशातील दोन प्रयोग

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळील रोदोव्रे या उपनगरात ७५ वर्षांवरील वृद्धांवर तीन वर्षे एक प्रयोग करण्यात आला. २८५ व्यक्तींच्या घरी दर तीन महिन्यांनी भेट देऊन त्यांची विचारपूस करण्यात येई व लागेल ती मदत मिळवून देण्यात येई. तशाच २८७ व्यक्तींना नेहमीचीच सेवा मिळत होती. १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भेटी दिलेल्या गटात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग २१९ होते, तर दुसऱ्या गटात २७१. मृत्यू अनुक्रमे ५६ व ७५ झाले. प्रयोगाच्या उत्तरार्धात डॉक्टरांना तातडीने बोलावण्याचे प्रसंगही घटले. पुढे १९९६ मध्ये अशा भेटी देण्याची जबाबदारी त्या देशात कायद्याने स्थानिक संस्थांवर सोपविण्यात आली.

नंतर इतर ठिकाणी झालेल्या अशाच प्रयोगांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत. काही ठिकाणी लाभ दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. त्यातून घेण्याचा धडा असा की, केवळ दारी जाऊन वहीत नोंद केल्याने संकट टळत नाही. भेटीत जे आढळले त्यावर पुढील कृती झाली, औषध पोहोचले, डॉक्टरांनी तपासले आणि तीच कार्यकर्ती पुन्हा गेली, तरच त्या भेटीला अर्थ राहतो.

दुसरा प्रयोग जपानच्या सावाउची या डोंगराळ, बर्फाळ आणि गरीब गावाचा. १९६० साली या ग्रामपालिकेने वृद्धांना मोफत औषधोपचार देण्यास प्रारंभ केला आणि आरोग्यसेविकांना घरोघर पाठविले. पुढे १९७३ मध्ये ७० वर्षांवरील वृद्धांसाठी ही सोय देशभर लागू झाली. संपन्न शहराने नव्हे, तर दळणवळण तुटणाऱ्या एका खेड्याने हा मार्ग दाखविला, ही गोष्ट घाटावरील गावांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

उपलब्ध यंत्रणा

आपल्याकडे या कामासाठी लागणारी चौकट तयार आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी स्वतंत्र तपासणी, सामुदायिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोनदा, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी, अशी त्याची रचना आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य व स्वास्थ्य केंद्रांत होऊ लागले. २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव देण्यात आले. या केंद्रांनी द्यावयाच्या बारा प्रकारच्या सेवांत वृद्धांची देखभाल व असाध्य आजारातील वेदनाशमन यांचाही समावेश आहे. तेथील सामुदायिक आरोग्य अधिकारी रक्तदाब व साखर तपासतात, औषधे देतात आणि ‘ई-संजीवनी’द्वारे दूरच्या डॉक्टरांचा सल्लाही मिळवून देऊ शकतात. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे मानक आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. हे कार्ड प्रत्येक पात्र वृद्धाने काढून घ्यावे. परंतु एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दररोजची गोळी, महिन्याची तपासणी आणि पडू नये म्हणून घ्यावयाची काळजी यांची जागा ते घेऊ शकत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यास पैसे मिळाले, तरी विहीर आधीच खणलेली असणे केव्हाही बरे.

घरभेटीत काय पाहावे?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती आशा कार्यकर्ती एका ठरावीक पत्रकात भरते. त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे विसरतात का, असे प्रश्न आहेत. या उत्तरांवरून गावातील वृद्धांचे तीन गट पाडता येतात: हिंडते-फिरते, घरापुरते हालचाल करणारे आणि अंथरुणाला खिळलेले. पहिल्या गटाने केंद्रात यावे; दुसऱ्या व तिसऱ्या गटाकडे केंद्राने जावे. गावाची अशी यादी तयार झाली की निम्मे काम झाले. भेटीत पुढील बाबी पाहाव्यात.

१. चाल व शक्ती : हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास सांगावे. चौदा सेकंदांत हे जमले नाही तर स्नायूंची शक्ती घटली आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या पद्धतीत मानले जाते. आधारासाठी कोणीतरी जवळ उभे असावे.

२. स्मरण : फूल, दार, तांदूळ असे तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारावेत. चिन्नोरच्या तांदळाचा हा जिल्हा. येथील वृद्ध तांदूळ सहसा विसरत नाहीत. तरीही शब्द आठवले नाहीत किंवा आजचा वार सांगता आला नाही, तर पुढील तपासणीस पाठवावे.

३. आहार व वजन : पूर्वीचे लुगडे किंवा सदरा सैल झाला का, दात आहेत का, दिवसातून किती वेळा जेवण होते, हे विचारावे. केवळ भात आणि पेज यांवर स्नायू टिकत नाहीत; डाळ, अंडी, दूध, मासळी यांपैकी परवडेल ते रोजच्या जेवणात असावे.

४. पाणी : वृद्धांना तहान कमी जाणवते. लघवीला वारंवार उठावे लागू नये म्हणून अनेक स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. वैशाखातील उन्हात हे जिवावर बेतू शकते.

५. औषधे : घरातील सर्व पुड्या, बाटल्या व गोळ्या एका टोपलीत घालून दाखवावयास सांगावे. दोन दवाखान्यांतून आणलेली एकच गोळी दुप्पट घेतली जात असल्याचे कधी कधी यातूनच उघड होते. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हेही सांगावे.

६. रक्तदाब व साखर : रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन वेळा मोजावा. उभे राहताच तो बराच उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

७. डोळे व कान : मोतीबिंदूवर शासकीय रुग्णालयात विनामूल्य शस्त्रक्रिया होते. ऐकू न येणारा माणूस हळूहळू एकटा पडतो. कधी कधी कानात साचलेला मळ हेच त्याचे कारण असते.

८. श्वास : वर्षानुवर्षे चुलीचा धूर घेतलेल्या स्त्रियांना आणि बिडी ओढणाऱ्यांना धाप लागते. हिवाळ्यापूर्वीच त्यांना तपासून औषध सुरू ठेवल्यास थंडीतील तातडीचे बरेच प्रसंग टळतात.

९. त्वचा : खाटेवर पडून असलेल्या रुग्णाची पाठ, कंबर व टाचा पाहाव्यात. दर दोन तासांनी कूस बदलणे हा शय्याव्रणावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

१०. सांभाळणारी व्यक्ती : बहुधा ती सून, मुलगी किंवा स्वतः वृद्ध असलेली पत्नी असते. तिची झोप होते का, तिला कोणी सोडवणूक देते का, हे विचारल्याशिवाय भेट पूर्ण झाली असे मानू नये. सांभाळणारी थकली की रुग्णही ढासळतो.

पंचायत, शाळा आणि कुटुंब

आरोग्य कर्मचाऱ्यांकडे मातांचे, बालकांचे, क्षयरोगाचे असे अनेक कार्यक्रम असतात. त्यांच्यावर सर्व भार टाकून गावाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे. ग्राम आरोग्य समितीने वृद्धांच्या यादीचा दर महिन्याला आढावा घ्यावा. औषधे आणावयास घरी कोणी नसेल, तर उपकेंद्रातून ती कोण पोहोचवील, हे ठरवून टाकावे. रात्री गाडी मिळण्याचे ठिकाण, वाहनचालकाचे नाव आणि पावसाळ्यात वापरावयाची दुसरी वाट हेही आधीच निश्चित असावे. सार्वजनिक विहिरीच्या व हातपंपाच्या चौथऱ्यावरील शेवाळ काढणे, पंचायतीच्या पायऱ्यांना कठडा बसविणे, ही कामे लहान वाटली तरी अस्थिभंग टाळणारी आहेत.

शिक्षकांना या कामात विशेष वाव आहे. आजी-आजोबांची गोळी कोणत्या वेळेची, ती किती दिवसांची उरली, याकडे सातवी-आठवीतील विद्यार्थी सहज लक्ष देऊ शकतो. घरात पडण्याजोग्या जागा कोणत्या, याची यादी करणे हा शाळेचा एक उत्तम उपक्रम होऊ शकतो. औषधाच्या पुडीवर सूर्य व चंद्र काढून सकाळ-रात्रीची खूण करणे निरक्षर आजीला फार उपयोगी पडते. १ ऑक्टोबर हा दिवस आंतरराष्ट्रीय वृद्ध दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी केवळ शाल-श्रीफळ न देता गावातील प्रत्येक वृद्धाचा रक्तदाब मोजला जावा.

कुटुंबाने काय करावे, हे वरील उदाहरणातून आलेच आहे. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावयाची. रुग्णालयातून घरी आणल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात. जुनी कोणती औषधे बंद झाली आणि नवी कोणती सुरू झाली, याचा गोंधळ याच काळात होतो. घरी येताच रुग्णालयाचा कागद घेऊन आशा कार्यकर्तीला किंवा सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांना भेटल्यास पुन्हा दाखल होण्याचा प्रसंग टळू शकतो.

केव्हा थांबू नये?

टाळता येण्याजोगी धावपळ टाळणे, याचा अर्थ आवश्यक ती धावपळ पुढे ढकलणे असा कोणीही करू नये. तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाब येऊन घाम फुटणे, बसूनही धाप न थांबणे, बेशुद्धी, काळा शौच किंवा रक्ताची उलटी, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. सकाळी बघू, झाडफूक करून पाहू, मुलगा नागपूरहून येऊ दे, असे म्हणण्यात ही वेळ निघून जाते. याउलट भूक मंदावणे, दोन दिवसांचा जुलाब, नवा खोकला, पायांवर सूज, एकदा झालेले पडणे, एकाएकी वाढलेली झोप किंवा बोलण्यातील गोंधळ, ही त्याच दिवशी उपकेंद्रात कळविण्याची लक्षणे आहेत. गोंधळाबरोबर रुग्ण जागा होत नसेल तर मात्र थेट रुग्णालयच गाठावे. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही विनाशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०२१ पासून उपलब्ध आहे.

समारोप

बालाघाट शहराचे जुने नाव ‘बूढा’ असे होते. नावाचा हा योगायोग बाजूला ठेवला, तरी या जिल्ह्याने आपल्या वृद्धांची गणना करून त्यांच्या दारी जाण्याचा मार्ग धरला, तर तो इतरांनाही अनुकरणीय ठरेल. नवजात बालकाच्या घरी कोणत्या दिवशी जावयाचे, हे आज प्रत्येक आशा कार्यकर्तीला तोंडपाठ आहे. जन्मानंतरचे बेचाळीस दिवस जसे नाजूक, तशीच आयुष्याची शेवटची काही वर्षेही नाजूक असतात. त्या वर्षांसाठीही भेटीचा दिवस ठरलेला असावा. गावाने आजच एक वही करावी, तीत साठीपुढील प्रत्येकाचे नाव लिहावे आणि नावापुढे शेवटच्या भेटीची तारीख असावी. ज्या नावापुढील रकाना कोरा राहिला असेल, त्या घरापासून कामाला प्रारंभ करावा.